झंपर शिवणार हाईस काय?

परवा खानापुरात एका कुंभार आजीनं मला हे विचारलं. तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या स्पीड ग्राफिकच्या बुडाला तीन मीटर सुतळी बांधलेली, आणि तिचं टोक आजीच्या हनुवटीला लावा म्हणून मी सुनेच्या मागं लागलेलो.

स्पीड ग्राफिक म्हणजे जुन्या अमेरिकन प्रेस फोटोग्राफरांचा पेटीसारखा कॅमेरा. फिल्म चार बाय पाच इंच, वजन अडीच किलोच्या वर. एवढं धूड हातात हलत नाही का, असं सगळे विचारतात. हलत नाही. डावा हात चामडी पट्ट्यात घट्ट बसतो, वजनच हात दाबून धरतं, आणि शटर सेकंदाच्या एक छेद दोनशेवर असलं की निभतं. दगा देतं ते आपलं अंग. रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे अंतर धरायच्या खिडकीत, दोन प्रतिमा जुळवायच्या, मग डोळा उचलून तारेच्या चौकटीला लावायचा. तेवढ्यात माणूस वीतभर पुढं नाहीतर मागं झुकतो. १३५ मिलिमीटरची लेन्स, तीन मीटर अंतर. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, उजेड जास्त. एफ ८ ला पुढचं-मागचं धरून पाऊण मीटरभर स्पष्ट येतं. एफ ४.७ ला जेमतेम दीड फूट. सोप्यात उजेड कमी, म्हणून ४.७ च.

जो रोझेंथल या अमेरिकन प्रेस फोटोग्राफरनं १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धात, जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणारे अमेरिकन सैनिक असल्याच कॅमेऱ्यावर टिपले. पण त्याचा झेंडा लांबवर होता हो!

ट्रायपॉड होता गाडीत. तो उभा केला की आजी रेशनकार्डाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते, म्हणून काढला नाही. एक होल्डर, त्यात फिल्मच्या दोन शीट. पहिल्या वेळी डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं झाकण, ओढायचीच राहिली. (वीस वर्षं झाली, अजून राहते.) दुसऱ्या वेळी सुतळी ताणून अंतर धरलं, सुनेनं टोक सोडलं, आणि आजीनं झंपराचं काढलं. मी हसलो. हसताना माणूस मागं कलतो.

रात्री बेळगावात मोरीत बसून शीट धुतली. चेहरा मऊसर, पुढं धरलेल्या माठावर मात्र बोटांचे वळ मोजून घ्यावेत असे. प्रिंट घेऊन परत गेलो. आजीनं ती उजेडाला धरली, लांब केली, जवळ केली.

"माठ झ्याक आलाय," म्हणाली. "मला कशाला घेतलास मागं?"