उंच ड्रायव्हरसाठी कार्टचं वजन बसवताना

सहा फुटांपुढचा ड्रायव्हर रेसिंगच्या गो-कार्टमध्ये बसला की पहिला उपाय ठरलेला: सीट मागे घ्या, पाय मावतील. पाय मावतातही. पण ड्रायव्हरसह कार्टच्या एकूण वजनात जवळपास निम्मा वाटा ड्रायव्हरचाच असतो आणि सीट मागे नेली की तो मागच्या एक्सलवर जाऊन बसतो. पुढची चाकं हलकी पडतात आणि वळणात शिरताना कार्ट सरळ जायला बघते. मग टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) बदलतात, कॅस्टर (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागचा कल) बदलतात, टायरची हवा बदलतात. मूळ कारण सीटच्या बोल्टांपाशी असतं, तिकडे कोणी बघत नाही.

आधी सीट चेसिस बनवणाऱ्याने दिलेल्या मापावर बसवा आणि पेडल पुढे न्या. बहुतेक सीनियर चेसिसवर पेडलसाठी एकापेक्षा जास्त भोकं असतात. सगळ्यात पुढच्या भोकात पेडल लावली की टाचेचा आधारही तेवढाच पुढे सरकवा. ब्रेकचा रॉड नव्याने जुळवा, सोबतची सेफ्टी केबल ढिली किंवा ताणलेली राहिली नाही ना ते हाताने ओढून बघा. अॅक्सिलरेटरची केबल बदलली असेल तर पेडल टेकेपर्यंत दाबून कार्ब्युरेटर पूर्ण उघडतो का ते डोळ्यांनी तपासा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागत असेल तर हब किंवा कॉलमचा आधार बदलायचा, सीट नाही.

सीट सरकवावीच लागली तर हिशेब सोपा आहे. ड्रायव्हर ७५ किलोचा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १०४५ मिमी, तर सीट १० मिमी पुढे नेली की साधारण ०.७ किलो मागून पुढे जातं. एकूण १६० किलोत ते ०.४५ टक्के. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण पावलं पेडलवरच राहतात. स्प्रिंट कार्टसाठी सुरुवात पुढे ४३ आणि मागे ५७ टक्क्यांपासून करावी. डावं-उजवं ५०-५०, फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक. इंजिन उजवीकडे असल्याने सीट मुळातच थोडी डावीकडे असते. उंच ड्रायव्हरची सीट बरेचदा रुंदही असते, ती डावीकडे पुरेशी सरकत नाही; तेव्हा शिशाचा एखादा तुकडा सीटच्या डाव्या कुशीत लावावा लागतो.

प्रत्येक चाकाखाली एक अशा चार वजनकाट्यांवर मोजताना काटे एका पातळीत हवेत, टायरमध्ये धावतानाची हवा, टाकी अर्धी, स्टिअरिंग सरळ. ड्रायव्हर हेल्मेट, सूट, रिब प्रोटेक्टर, बूट सगळं घालून बसलेला, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. काट्याचा आकडा वाचायला तो वाकला की पुढचं वजन लगेच वाढतं, म्हणून आकडे दुसऱ्याने लिहावेत. कर्णरेषेवरच्या चाकांचं वजन ५० टक्क्यांपासून एक टक्क्याहून जास्त ढळलं तर पुढच्या स्पिंडलचे (चाक धरणाऱ्या खुंटीचे) वायसर हलवण्याआधी सीटचे बोल्ट ढिले करा. सीट ओढून-ताणून बसवलेली असली की चेसिसलाच पीळ बसतो. सीट आणि आधार यांच्यात फट असेल तर बोल्ट आवळून ती बुजवायची नाही. तिथे स्पेसर घालायचा.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे आकडे अचूक जुळले तरी ड्रायव्हरचं वजन किती उंचीवर आहे ते काटा दाखवत नाही, आणि उंच ड्रायव्हरचा खरा त्रास तोच आहे. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं; मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट असतात. वळताना आतलं मागचं चाक थोडं उचललं गेलं तरच कार्ट मोकळेपणाने वळते. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर वर असेल, चाकांमधलं अंतर १.२ मीटर धरलं आणि वळणात २ जी (वजनाच्या दुप्पट बाजूचा जोर) बसत असतील, तर ७५ × २ × ०.०४ ÷ १.२, म्हणजे ५ किलो जादा वजन बाहेरच्या चाकांवर जातं. आतलं चाक गरजेपेक्षा वर उचललं जातं आणि उशिरा खाली टेकतं. बाहेरचा टायर जास्त चावतो, सुटतो, परत चावतो. वळणातून निघताना कार्ट उड्या मारते ती यामुळे. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर असो की आणखी कुठे, रबर बसून ट्रॅक चिकट झाला की हे हमखास वाढतं.

कार्ट आणि ड्रायव्हर मिळून गुरुत्वमध्याची ही उंची मोजता येते आणि उंच ड्रायव्हर असेल तर ती एकदा तरी मोजावीच. सपाट जागेवर पुढचं वजन घ्या. मग मागची चाकं ३०० मिमी उंच, भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवून पुन्हा घ्या. ब्रेक दाबायचा नाही, ड्रायव्हरने पुढे घसरायचं नाही. पुढे वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस, भागिले एकूण वजन गुणिले ०.३ (ठोकळ्यांमुळे आलेल्या उताराचं प्रमाण), उत्तरात चाकाची त्रिज्या मिळवा. एकूण १६० किलो असताना ६ किलो वाढले तर ६ × १०४५ ÷ ४८, म्हणजे सुमारे १३१ मिमी, अधिक त्रिज्या १३४, एकूण २६५ मिमी. एका किलोची चूक झाली तर उत्तर २२ मिमीने हुकतं, म्हणून १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा.

उंची कमी करण्याची पहिली जागा सीटच. तिचा तळ चेसिसच्या नळ्यांच्या तळाशी आणा. त्याखाली गेली की कर्बवर घासते. वरच्या २ जीच्या गणितातच बघा, दर १० मिमीला सव्वा किलो वाचतं. पाठ थोडी मागे कलवली तरी फायदा होतो, पण डोकं मागे जातं, म्हणून त्यासोबत सीटचा तळ थोडा पुढे घ्यावा लागतो. मान ताणून ट्रॅक बघावा लागला की कलणं जास्त झालं.

उंच पण सडपातळ ड्रायव्हर असेल तर किमान वजन भरायला लावायचं शिसं हे वरदान आहे, आणि तेच सीटच्या पाठीवर वर टांगलेलं दिसतं तेव्हा फार हळहळ वाटते. ५ किलो शिसं पाठीवरून मांडीखाली, ४०० मिमी पुढे आणलं की पुढच्या चाकांवर १.९ किलो वाढतं आणि उंचीही उतरते. दोन-अडीच किलोचे तुकडे करा. आंतरराष्ट्रीय नियमांत किमान ६ मिमीचे दोन बोल्ट सांगितले आहेत. आम्ही ८ मिमीचेच वापरा म्हणू, आतून ४० मिमीचं वायसर आणि लॉकनटसह. लहान वायसर फायबरमधून आरपार जातं.

एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर चेसिसकडे वळा. मागची रुंदी प्रत्येक बाजूला ५ मिमी वाढवा, एकूण १४०० मिमीच्या आत राहून. सीटचे जादा आधार लावलेले असतील तर एक काढून बघा, मग कॅस्टर कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि सीट हलवली असेल तर प्रत्येक वेळी पुन्हा काट्यांवर.