आमची वाटचाल: नायगावच्या खोलीतून सुरू झालेलं एसईओचं काम

२०१० साली आम्ही सुरुवात केली तेव्हा ऑफिस वगैरे काही नव्हतं, नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली, त्यात सासूबाईंचा पलंग, एका कोपऱ्यात देव आणि खिडकीखाली एक कॉम्प्युटर. मी आणि माझा दीर, आम्ही दोघंच. तो वेबसाइट बनवायचा आणि मी त्या गुगलवर दिसाव्यात म्हणून जे काय लागतं ते करायचे, त्याला एसईओ म्हणतात हे आमच्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, त्यांचं एकच वाक्य असायचं, ताई आमचं नाव गुगलवर वर आणून द्या. आजही पहिला फोन बहुतेक वेळा ह्याच वाक्याने सुरू होतो.

तेव्हाचं काम आठवलं की वाटतं किती सोपं समजत होतो आपण. पेजच्या कोडमध्ये कीवर्डचा, म्हणजे लोक गुगलवर जे शब्द टाइप करतात त्यांचा, एक मेटा टॅग असतो, त्यात लोक शंभर-शंभर शब्द कोंबायचे. गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगून टाकलं होतं की आम्ही रँकिंगसाठी, म्हणजे कुठली साइट किती वर दाखवायची ते ठरवताना, तो टॅग बघत नाही, तरी मार्केटमध्ये त्याचे पैसे घेणारे खूप होते. आम्ही ते घेतले नाहीत. पण दुसरी एक चूक केली आणि ती मोठी होती.

गुगलचा पाया असा की एका साइटवरून दुसऱ्या साइटला लिंक दिली म्हणजे ते एक प्रकारे मत दिल्यासारखं, लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये हीच कल्पना मांडली होती, पेजरँक नावाची. मग बाजारात अशी मतं, म्हणजे लिंक, विकत मिळायला लागली. २०११ मध्ये आमच्याकडे दादरचे एक टूरवाले आले, कोकणच्या सहली काढायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीचं आणि गणपतीचं बुकिंग हाच त्यांचा मुख्य धंदा. त्यांच्यासाठी आम्ही एका बाहेरच्या एजन्सीकडून लिंकचं पॅकेज घेतलं, महिन्याला अमुक इतक्या लिंक असं. तीन-चार महिन्यांत साइट वर आली, ते खूश आम्ही खूश, त्यांनी पेढे आणून दिले. आणि २४ एप्रिल २०१२ ला गुगलने पेंग्विन अपडेट आणला, विकत घेतलेल्या आणि बनावट लिंक पकडणारा. काही दिवसांतच सकाळी त्यांचा फोन, ताई आम्ही कुठेच दिसत नाही, दहाव्या पानावर पण नाही, सीझन तोंडावर आहे हो.

त्या लिंक काढायला मी किती साइटवाल्यांना मेल पाठवले ते मोजलं नाही, रात्री सगळे झोपल्यावर बसायचे, शंभरातल्या चार-पाच जणांचं उत्तर यायचं, काहीजण तर लिंक काढायचे पण पैसे मागायचे. नको असलेल्या लिंक गुगलला कळवायचं डिसअव्हाउ टूल आलं ऑक्टोबर २०१२ मध्ये, तोवर सुट्टी पण गेली होती आणि गणपती पण. त्या टूरवाल्यांनी आम्हाला सोडलं आणि त्यांचं बरोबरच होतं. पॅकेज एजन्सीचं असलं तरी ते घ्या असं सांगणारी मी होते. त्यांचे शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून आमच्याकडे लिंक विकत घेणं बंद आणि पहिल्या नंबरची गॅरंटी देणंही बंद, कारण गुगल स्वतःच लिहितं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. ह्यामुळे आजही वर्षाला काही कामं हातची जातात, जाऊ देत.

खरं काम आम्ही शिकलो लालबागमध्ये. २०१३ च्या एप्रिलमध्ये एका मसालेवाल्या काकांचं काम आलं. साइट आधीपासून होती, कोणीतरी डीटीपीवाल्याने करून दिलेली, आणि उघडली तर काय, काकांच्या कॉम्प्युटरवर सुंदर मराठी आणि माझ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं सगळं. म्हणजे तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्यालाच मराठी दिसणार आणि गुगलला तर मसाला हा शब्द त्या साइटवर एकदाही सापडणार नाही. काही पानं तर अख्खीच्या अख्खी फोटो म्हणून टाकलेली. आम्ही सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला आणि गुगलला वाचता येईल अशा मराठीत, पुन्हा टाइप केलं, दिराने आणि मी, चार दिवस. नुसत्या तेवढ्याने काकांची साइट त्यांच्या नावाने सापडायला लागली.

पण नाव माहीत असलेलं गिऱ्हाईक तसंही येणारच, नवीन कसं येणार? मला सुचेना म्हणून मी दोन दिवस त्यांच्या दुकानात जाऊन बसले, गल्ल्याच्या बाजूला एका स्टुलावर, वही घेऊन. एप्रिल-मे म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा सीझन, मागे डंकाचा धाडधाड आवाज, मिरचीचा ठसका, डोळ्यांतून पाणी, आणि बायकांची रांग. त्या जे जे विचारतील ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. एक किलो मिरचीला गरम मसाला किती घालायचा? ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती घेऊ, आमच्याकडे तिखट कमी खातात. मिरच्या वाळवून आणायच्या का तुम्ही देता वाळवून? कुटून व्हायला किती वेळ, थांबू की भाजी घेऊन येऊ? वर्षभर टिकेल ना, आळ्या नाही ना होणार? ह्या शेवटच्या प्रश्नाला काका प्रत्येकीला न कंटाळता तेच सांगायचे, बरणी कोरडी ठणठणीत पाहिजे, मसाला दाबून भरा आणि हिंगाचे खडे ठेवा आत.

त्या वहीतून आम्ही पेजेस केली. एका प्रश्नाला एक पेज, टायटलमध्ये तोच प्रश्न, वरच्या दोन-तीन ओळींत सरळ उत्तर आणि खाली काकांनी सांगितलेलं सविस्तर, मिरच्यांचे फोटो दुकानातच काढलेले, प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोत काय आहे ते शब्दांत. आतल्या आत लिंक दिल्या, मिरचीच्या पेजवरून मसाल्याच्या पेजवर, तिथून ऑर्डरवर. अजून एक गोष्ट कळली, मराठी लोक शोधताना मराठी शब्द बरेचदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, मालवणी मसाला हाच शब्द चार जण चार स्पेलिंगने लिहितात. म्हणून मराठी पेज वेगळं, इंग्रजी पेज वेगळं केलं आणि दोन्ही हे एकमेकांचं भाषांतर आहे हे गुगलला कळावं म्हणून एचरेफलँग टॅग लावला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पहिली कुरियरची ऑर्डर पुण्याहून आली, मग बंगळुरूहून एका मराठी बाईंची, त्यांनी फोनवर सांगितलं की माझी आई लालबागहूनच आणायची हो. काकांनी तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्या दुकानाला ऐकवला.

तेव्हापासून आमची पद्धत तीच आहे, नवीन काम घेतलं की आधी वही घेऊन काउंटरवर बसायचं. डेंटिस्ट असो, क्लासवाले असोत, ब्लाउज शिवणारी ताई असो. कीवर्ड टूल आम्ही पण वापरतो, पण टूलमध्ये जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं.

मधली वर्षं भराभर गेली. २०१४ मध्ये दादर ईस्टला एक छोटा गाळा भाड्याने घेतला, पोटमाळ्यासकट. २१ एप्रिल २०१५ ला गुगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या साइटना मोबाइल सर्चमध्ये प्राधान्य द्यायला सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मग तर भाजीवालीपासून सगळ्यांच्या हातात इंटरनेट. आम्ही सगळ्या साइट मोबाइलसाठी नव्याने केल्या, त्यातच एचटीटीपीएस, म्हणजे साइटवरची ये-जा कुलूपबंद ठेवणारी सोय, पण करून घेतलं, कारण जुलै २०१८ पासून क्रोम ती नसलेल्या साइटवर असुरक्षित असा शिक्का दाखवायला लागलं आणि गिऱ्हाईक ते बघून पळायचं.

दुकानदारांसाठी सगळ्यात जास्त फरक पडतो तो गुगल मॅपवरच्या प्रोफाइलचा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण तिथेच असतं. आधी त्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल. गुगल स्वतः सांगतं की तिथे तीन गोष्टी बघतात, तुमचा धंदा शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी किती जुळतो, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमची ओळख किती आहे. एका चष्मेवाल्यांचं दुकान दादर ईस्टला आणि मॅपवरची पिन वेस्टला, म्हणजे माणूस स्टेशनला उतरून पूल चढून पलीकडे जातो, गर्दीत फिरतो, दुकान सापडत नाही आणि वैतागून एक स्टार देतो. वर्षभर हे चाललं होतं. पिन हलवली, पत्त्यात जवळची खूण घातली, सगळीकडे नाव-पत्ता-फोन एकसारखा केला, रविवारची वेळ टाकली, बास. दुसरं म्हणजे दुकानदार स्वतःच्या काउंटरवर उभं राहून सर्च करतात आणि मी पहिला दिसतो म्हणून खूश होतात, अहो तुम्ही दुकानातच उभे आहात, तुम्ही दिसणारच, वडाळ्याला जाऊन बघा. खोटे रिव्ह्यू टाकून द्या असं विचारणारे बरेच येतात, ते आम्ही करत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाला विनंती करायची आणि प्रत्येक रिव्ह्यूला, वाईटाला सुद्धा, उत्तर द्यायचं.

एक चूक अजून सांगते, ती पूर्ण आमची होती. २०१८ च्या दिवाळीआधी एका फराळवाल्या ताईंची साइट नवीन केली. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात एक छोटी चौकट असते, सर्च इंजिनांना ही साइट घेऊ नका असं सांगणारी, काम चालू असताना आम्ही ती टिक करून ठेवतो. साइट लाइव्ह केली आणि टिक काढायची राहिली. अकरा दिवस. चकली-भाजणीची पेजेस एकेक करून गुगलमधून गायब, आणि आम्हाला वाटतंय नवीन साइट आहे, होईल हळूहळू. सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल, उघडून बघितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. ताईंनी भाजणी दळून ठेवली होती, ती किती उरली ते त्यांनी मला दाखवलं पण एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही ती भाजणी आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिवाळीभेट म्हणून विकत घेतली. आता लाइव्ह करायच्या दिवसाचा कागद भिंतीवर लावलाय, ती टिक, गुगलने कुठली पानं बघायची नाहीत ते सांगणारी रोबोट्स फाइल, जुन्या लिंकवर आलेल्याला नव्या लिंकवर नेणारं ३०१ रीडायरेक्ट, साइटमॅप म्हणजे सगळ्या पानांची यादी, आणि पुढचे सात दिवस रोज सकाळी सर्च कन्सोल.

लॉकडाउनमध्ये भाडं थकलं, दीर आणि मी परत घरूनच काम केलं, आणि त्याच काळात ज्यांनी कधी वेबसाइटचं नाव काढलं नव्हतं ते आले. २०२१ पासून गुगल रँकिंगसाठी कोअर वेब व्हायटल्स नावाची मापंही बघायला लागलं, मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, पान उघडताना हलता कामा नये. आमची टेस्ट सरळ आहे, ऑफिसमधला सगळ्यात जुना फोन घ्यायचा आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये उभं राहून साइट उघडायची, नेटवर्क येतं-जातं तिथे. ज्याने फोनवरून काढलेला ६ एमबीचा फोटो तसाच चढवलाय त्याची साइट दादरला उघडायला घेतली तर कुर्ल्याला दिसते. फोटो छोटे करून वेबपी ह्या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकले तरी निम्मं काम होतं.

आता सगळे विचारतात ते एआयचं. ऑगस्ट २०२४ मध्ये एआय ओव्हरव्ह्यू भारतात आलं, म्हणजे गुगल स्वतःच वर उत्तर लिहून देतं आणि माणूस खाली येतच नाही. आमच्या बऱ्याच साइटवर हे दिसतंय, सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन, म्हणजे साइट सर्चमध्ये दिसल्याचे आकडे, आहेत पण क्लिक पूर्वीसारखे नाहीत, खास करून म्हणजे काय, कसं करायचं अशा प्रश्नांवर. मसालेवाल्या काकांच्या पेजना पण फटका बसलाय, ते मी लपवत नाही. एका क्लासवाल्यांनी तर सांगितलं की एआयकडून दोनशे लेख लिहून घ्या आणि टाका. मी नाही म्हटलं. एआय वापरलं म्हणून गुगल शिक्षा करत नाही, पण रँकिंगसाठी ढिगाने पेजेस ओतणं हे मार्च २०२४ पासून त्यांच्या स्पॅमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, आणि त्याहून मुख्य म्हणजे त्या दोनशे लेखांत त्या सरांनी वर्गात शिकवलेलं एक वाक्यही नसतं. त्याऐवजी आम्ही मुलांना नेहमी अडणारी चौदा गणितं सरांच्याच हस्ताक्षरात सोडवून त्यांचे फोटो टाकले, खाली स्टेप टाइप केल्या. डिसेंबर २०२२ पासून गुगलच्या गाइडलाइन्समध्ये अनुभव हा शब्द आलाय, लिहिणाऱ्याने ते स्वतः केलंय का, आणि आमच्या गिऱ्हाइकांकडे तो ढिगाने आहे, फक्त तो कधी लिहिलेला नसतो.

आज आम्ही सात जण आहोत, त्यातल्या दोघी पोटमाळ्यावर बसतात कारण त्यांना खालच्या पंख्याचा वारा सोसत नाही. पहिली वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मिरचीचे डाग पडलेली. काकांचा मुलगा आता दुकान बघतो, मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, ताई हल्ली बायका फोनवर एआयने दिलेलं मसाल्याचं प्रमाण दाखवून विचारतात की हे बरोबर आहे का. मी म्हटलं लिहून ठेव, एकेक प्रमाण आणि त्याला काका काय म्हणतात ते. शनिवारी वही घेऊन येतेच आहे.