तुम्ही विचारलंत म्हणून : नाही म्हणायचं, पण उठून जायचं नाही

कृषी केंद्रवाल्याला लोकांनी खताचा भाव विचारावा, अळीचं औषध विचारावं. पण राळेगाव तालुक्यातल्या माझ्या काउंटरवर पोरं हल्ली भलतंच विचारतात. "काका, कडक राहिलं तं माणसं तुटतात, गोड राहिलं तं डोक्यावर बसतात. मंग राहाचं कसं?" यात लग्न जुळत नसलेले आहेत, नुकतंच जुळलेले आहेत, आणि दोन पोरांचे बापही आहेत. मलाच का विचारतात, तर दिवसभर मी लोकांना नाही म्हणतो आणि तरी संध्याकाळी माझ्या बाकावर बसायला जागा नसते.

मिरग तोंडावर आला की उधारीवाले येतात. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला २०२५ साली केंद्र सरकारनं ९०१ रुपये कमाल किंमत ठरवली. पाच-सहा पाकिटं, वर खताची पोती, की आकडा फुगतो. आणि पैसा येणार सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापूस घरात आल्यावर. ज्याची मागची बाकी तशीच पडलेली, त्याला मी पहिल्याच वाक्यात सांगतो, "भाऊ, यंदा उधार जमत नाही." 'पाहू', 'उद्या ये', 'पोराला विचारतो' हे नाही. 'पाहू' म्हटलं की माणूस चकरा मारतो, तिकडे पेरणी खोळंबते, आणि शेवटी जो राग येतो तो उधारीचा नसतो, चकरांचा असतो. नाही म्हणून झालं की मी चहा सांगतो. मग पीककर्जाचं कुठवर आलं, कोणत्या खताशिवाय भागेल, कोणाकडे बियाणं उरलंय, हे सगळं निवांत निघतं. बिनपरवान्याचं चोरबीटी मागणाऱ्यालाही हाच कायदा. ते मिळणार नाही, चहा मिळेल.

कठीण जातं ते मैतराला. पोळा झाला की कपाशी गच्च वाढलेली असते, हवा कोंदट, आणि फवारणी जोरात. माझा शाळेपासूनचा दोस्त औषधाचे दोन वेगवेगळे डबे पुढ्यात ओढून म्हणाला, "दोन्ही दे. एकाच पंपात टाकतो, एका दिवसात काम खलास."

"एकच देतो."

"काहून बे? पैसे रोख देऊन रायलो ना!"

"रोख दे का उधार ने. दोन्ही मिसळाले नाही देत."

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. ते साल ज्यानं दवाखान्याच्या ओसरीत काढलं, त्याला समजावणं सोपं असतं. याला नव्हतं. शिव्या देत एक डबा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी मास्क, हातमोजे घेऊन त्याच्या वावरात गेलो आणि दुपारपर्यंत त्याला पाणी शेंदून दिलं. तो बोलला नाही. मीही डब्याचा विषय काढला नाही.

माझी मुलगी अमरावतीला मानसशास्त्र शिकते. तिनं एकदा माझ्या उधारीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर अधिकचं चिन्ह काढलं. म्हणाली, टिमथी लिअरी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली माणसांच्या वागण्याचा असा नकाशा मांडला : उभ्या रेघेवर वर्चस्व ते पडखाऊपणा, आडव्या रेघेवर वैर ते प्रेम. दोन रेघा वेगळ्या. पोरांची गफलत इथंच होते. त्यांना वाटतं हा एकच तराजू आहे, कडकपणाचं पारडं खाली गेलं की मायेचं वर जाणारच.

भाच्याचंच घ्या. आठ एकर कोरडवाहू. शेतकरी पोराला पोरगी मिळणं किती जड झालंय हे गावागावात दिसतं, त्यामुळे वर्ध्याला नर्स असलेली मुलगी हो म्हणाली तेव्हा हा पार विरघळला. नोकरी करू? तुझी मर्जी. राहायचं कुठं? तू म्हणशील तिथं. तिनं माझ्या बायकोला फोन करून विचारलं, "मामी, यांना स्वतःचं काही मत असते का?" हे कानावर आल्यावर यानं मोबाईलवरचे कुठले तरी व्हिडिओ पाहिले आणि भाव वाढावा म्हणून तिचा फोन उचलणंच बंद केलं. आधी पडखाऊ, मग कोरडा. मी त्याला म्हटलं, लेका, तुले काय पाहिजे ते तिला एकदा तरी सांगितलंस का?

मागणं हाही ठामपणाच आहे, आणि तो नकारापेक्षा अवघड. पवनारच्या विनोबांचं आठवा. १९५१ पासून भूदानासाठी पायी फिरताना ते जमीनवाल्याला सांगायचे, पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. धमकी नाही, लाचारीही नाही. घरातल्याच्या हक्कानं मागणं.

एक बजावून सांगतो, कारण पोरं यातून सोयीचं तेवढं उचलतात. मुलगी नाही म्हणाली तर ते ऐकायचं, तिथंच थांबायचं. मागं मागं फिरणं म्हणजे चिकाटी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे. आणि घरात मारहाण करणाऱ्या माणसापुढे ओलावा टिकवायची जबाबदारी बाईवर नसते. तिथं १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर लावायचा.

माझ्या घरात हे सगळ्यांत चांगलं जमलं ते बायकोला. लग्नानंतर आई तिला म्हणाली, अंगणवाडी सोड. हिनं पाटावर बसल्या बसल्याच सांगितलं, "आई, नोकरी सोडणार नाही. बाकी काय ते सांगा." आणि त्याच रात्री तेल कोमट करून आईचे गुडघे चोळायला बसली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पण पाय ओढून घेतला नाही. हे मी कौतुकानं सांगतो तेव्हा मुलगी मला अडवते, "बाबा, ठाम राहायची किंमत आईनंच का चुकवायची? तुम्ही काय करत होता?" तिचं म्हणणं खोडता येत नाही. बायकोचं म्हणणं असं की ती किंमत नव्हती, सासूचे गुडघे खरंच दुखत होते. दोघींचं यावर अजून जमलेलं नाही.

भाच्यानं शेवटी फोन केला. "मी शेती सोडणार नाही. तुझी नोकरी सुटावी असंही मले वाटत नाही. दोन्ही कसं जमवाचं ते बोलू." ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं का?" आता राहायचं गावात की वर्ध्यात, यावर दोघं रोज रात्री भांडतात, आणि भाच्याचा रिचार्ज माझ्या खात्यावर चढतो. मागची बाकी असलेल्याला उधार नाही म्हणून सांगितलं खरं, पण याच्याकडची बाकी सीतादहीपर्यंत थांबवलीय.