टॉलपडल: सहा शेतमजुरांच्या गावी

टॉलपडलला जायचं असेल तर आधी डॉर्चेस्टर गाठा आणि तिथलं जुनं कोर्ट बघूनच गावात पाऊल टाका. १८३४ मध्ये संघटना काढली म्हणून काळ्या पाण्यावर गेलेल्या सहा शेतमजुरांचं, दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं हे गाव इवलंसं आहे. गवताने शाकारलेली काही घरं, चर्च आणि एक म्हातारं झाड, हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात पाहून होतं. पण कोर्टातून आलात तर त्या झाडाखालून पाय निघत नाही.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून डॉर्चेस्टर साउथला थेट गाडी आहे, अडीच-पावणेतीन तासांची. तिथून हाय वेस्ट स्ट्रीटवरच्या शायर हॉलला, म्हणजे त्या जुन्या कोर्टाला, चालत जाता येतं. २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे. तिकीट काढावं लागतं, पण ते जरूर काढा. खालच्या कोठड्या बघून कोर्टाच्या दालनात या आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहा. जागा इतकी अरुंद आहे की सहा धडधाकट माणसं तिथे खांद्याला खांदा लावूनच उभी राहिली असणार. समोर उंचावर न्यायाधीशाची खुर्ची.

मार्च १८३४ मध्ये जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे दोघे भाऊ, त्यांचा मेव्हणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, विशीतला जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट इथे उभे होते. आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ झाली होती आणि आता ६ होणार असं मालकांनी सांगितलं होतं. एवढ्यात घर चालेना म्हणून त्यांनी शेतमजुरांची संघटना काढली. संघटना काढायला १८२४ पासून कायद्याची आडकाठी नव्हती. मग जेम्स फ्रॅम्प्टन या जमीनदार मॅजिस्ट्रेटने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नशी पत्रव्यवहार केला आणि वेगळीच वाट शोधण्यात आली. नवा सभासद घेताना डोळे बांधून शपथ देत, त्या शपथेवर बोट ठेवलं. त्यासाठी वापरला बेकायदा शपथांविरुद्धचा १७९७ चा कायदा, जो आरमारातल्या बंडानंतर केलेला होता! शिक्षा झाली सात वर्षं काळ्या पाण्याची, ऑस्ट्रेलियात. आम्ही कुणाच्या अब्रूला, अंगाला की मालमत्तेला धक्का लावलेला नाही, बायकापोरांची उपासमार होऊ नये म्हणून एकत्र आलो, असं जॉर्ज लव्हलेसने कोर्टाला लिहून दिलं होतं. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा हा प्रवचनकार शेतमजूर आपल्या बळावर लिहायला-वाचायला शिकला होता.

डॉर्चेस्टरहून टॉलपडल साधारण ११ किलोमीटर. अटक झाल्यावर सहाही जणांना हे अंतर चालवत नेलं होतं. तुम्ही बस किंवा टॅक्सीने जा. बसच्या वेळा, विशेषतः परतीच्या, निघण्यापूर्वी बघून ठेवा. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. A३५ हा मोठा रस्ता गावाच्या बाजूने जातो, त्यामुळे आतला रस्ता शांत आणि चालण्याजोगा आहे.

गावात आधी ते सिकॅमोरचं झाड पाहा. तीनशेहून जास्त वर्षांचं आहे आणि आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. फांद्या छाटून त्याचा भार हलका केलेला असला तरी बुंधा जवळून बघावा असा आहे, फुगलेला आणि गाठीगाठींचा. मजूर इथेच जमत. रस्त्यालगत थॉमस स्टँडफील्डचं घर अजून उभं आहे. तिथेच वरच्या खोलीत बैठका होत. लोक राहतात तिथे, तेव्हा रस्त्यावरूनच पाहा. पुढे मेथॉडिस्ट चर्चच्या कमानीवर लव्हलेसचे ते कोर्टातले शब्द कोरले आहेत. संग्रहालय गावाच्या पश्चिम टोकाला आहे. १९३४ साली कामगार संघटनांच्या महासंघाने म्हाताऱ्या शेतमजुरांसाठी सहा घरं बांधली, एकेका घराला त्या सहांपैकी एकेकाचं नाव दिलं, आणि त्याच इमारतीत मधे संग्रहालय आहे. प्रवेश मोफत. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी चौकशी करा.

आणि मग, कितीही उशीर झालेला असो, सेंट जॉन चर्चच्या आवारात जेम्स हॅमेटची कबर शोधा. लोकांनी मोर्चे काढले, लाखोंच्या सह्यांचा अर्ज गेला, १८३६ मध्ये माफी मिळाली. परतलेल्यांपैकी पाच जण आधी एसेक्समध्ये आणि मग कॅनडात स्थायिक झाले. हॅमेट एकटा टॉलपडलला परतला. तो शपथेच्या वेळी हजरच नव्हता, भावाच्या जागी तो पकडला गेला आणि तोंडातून शब्द न काढता त्याने शिक्षा भोगली, असं मानलं जातं. पुढे त्याने बांधकामावर मजुरी केली. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा घरच्यांवर ओझं नको म्हणून डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये गेला आणि १८९१ मध्ये तिथेच वारला. कबरीवर १९३४ पर्यंत दगडही नव्हता. आत्ताचा दगड एरिक गिल या शिल्पकाराने घडवला आहे. अक्षरं अगदी साधी आणि सुरेख आहेत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा हॅमेट हयात होता. परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचे आजोबा-पणजोबा राहिले, त्यांनी ही कबर चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

जेवणासाठी गावात मार्टर्स इन नावाचा पब आहे, तरी डबा सोबत असू द्या. झाडाजवळ १९३४ सालीच बांधलेला, गवताने शाकारलेला निवारा आहे, तिथे बसून खाता येतं. जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे कामगार संघटनांचा मेळावा भरतो. बॅनर घेऊन मिरवणूक निघते, हॅमेटच्या कबरीवर पुष्पचक्रं वाहतात. तो बघायचा असेल तर डॉर्चेस्टरमधली खोली बरीच आधी राखून ठेवा. गाव निवांत बघायचं असेल तर ते दोन दिवस टाळून मे, जून किंवा सप्टेंबरमधला कामाचा दिवस निवडा.