खापर

अथेन्समधल्या दुसऱ्या दुपारी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. सकाळी ॲक्रोपोलिस चढून झालं होतं. तिथला संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की पार्थेनॉन सोडून मी माझ्या चपलांकडेच बघत होते. खाली अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात आल्यावर नवऱ्याला म्हटलं, ते हेफेस्टसचं देऊळ तू बघून ये, मी सावलीत बसते.

सावली म्हणजे ॲटॅलसचा स्टोआ. खांबांची लांबलचक ओसरी, 1950 च्या दशकात जुन्या जागी पुन्हा उभारलेली. आत संग्रहालय. एका कपाटात मडक्यांचे तुकडे दिसले आणि हात शिवशिवले. ठिकऱ्या!

आमच्या वाड्यात माठ फुटला की आई हळहळायची, आम्ही मुली धावायचो. बुडाजवळचा जाड तुकडा सर्वांत चांगला. कौलाचा नको, तो टणकन उडतो. पायरीवर पाणी टाकून कडा घासत बसायचं, बोटं लाल होईस्तोवर. मग ठिकरी चौकटीत पडायची ती हलायचीच नाही.

इथल्या तुकड्यांवर मात्र नावं होती. प्राचीन अथेन्सच्या नागरिकांनी नगराला डोईजड झालेल्या माणसाचं नाव खापरावर खरडायचं, हेच त्यांचं मत. पुरेशी खापरं जमली की तो दहा वर्षं हद्दपार. घरदार शाबूत, फक्त गावात पाय ठेवायचा नाही. सलामिसची लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीसही यातून सुटला नाही. त्याच्या नावाची 190 खापरं एका विहिरीत सापडली आणि अक्षरं ताडून पाहिली तर लिहिणारे हात अवघे 14! म्हणजे आयत्या चिठ्ठ्या वाटायची सोय तेव्हापासूनची. एखाद्याच्या नावानं खापर फोडणं इतकं शब्दशः मी कुठे पाहिलं नव्हतं.

एकटीच हसले. मग हसू राहिलं.

आम्हीही एकीला काढलं होतं. नाव लिहायची गरज पडली नाही, नजरेनंच ठरलं. मे महिन्याची अख्खी सुट्टी ती जिन्याच्या पायरीवर बसून आमचा खेळ बघायची, मुठीत ठिकरी घट्ट धरून. गुन्हा काय, तर तिचा पाय कधीच रेघेवर पडायचा नाही.

नवरा घाम पुसत आला. “काय बघितलंस?”

“खापरं.”

तिचं नाव आडनावासकट आठवतंय. इथे लिहीत नाही.