दहा लाखांचा चेक आणि सत्तर दिवस

चेक हातात आला १० जानेवारीला, बँकेत भरला २१ मार्चला. मधल्या सत्तर दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

सांगलीत आमची छोटी संस्था आहे. जत, आटपाडीकडून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. विश्रामबागेतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी आईच्या नावानं दहा लाख द्यायचं ठरवलं. मी त्यांच्याकडे चार वेळा गेले, पहिल्या तीन वेळा पैशाचा विषयच काढला नाही. तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब त्यांनी पानन् पान वाचले. चौथ्या भेटीत आकडा मीच सांगितला. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की अकरा हजारांवर भागतं.

अडलं ते बँकेत. आमचे खजिनदार वारले होते आणि खात्यावर अजून त्यांचीच सही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, जिथं संस्थेची नोंदणी असते, विश्वस्त बदलल्याचा अर्ज मुदतीत दिला होता, तो मंजूरही झाला होता. मला वाटलं, आता नुसती सही बदलायची. सही बदलेपर्यंत चेक भरायचा नाही, असं मी काकांना स्पष्ट सांगितलं. पैसे आत जाऊन अडकले असते. पण चेकची मुदत तीन महिने, आणि काकांना याच आर्थिक वर्षातली पावती हवी होती.

पहिल्या खेपेला शाखेनं ठराव मागितला. दिला. दुसऱ्या खेपेला म्हणाले, ठरावावर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या हव्यात. तिसऱ्या खेपेला मंजुरीचा आदेश चालेना, परिशिष्ट १ ची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रमाणित नक्कल पाहिजे. ती काढण्यात अकरा दिवस गेले. मग सातही विश्वस्तांचे पॅन आणि आधार. त्यातले एक जतला, मी एसटीनं जाऊन आणले. पाचव्या खेपेला कळलं, साहेबांची बदली झाली आणि आमची फाईल सापडत नाही. त्या दिवशी मी काउंटरवरच रडले. यादी पहिल्याच दिवशी लिहून दिली असती तर हे आठवड्यात झालं असतं! सहाव्या खेपेला मी सगळ्याचा दुसरा संच नेला, आवक शिक्का मारलेली पोच घेतली आणि शाखाधिकाऱ्यांसमोर बसून राहिले. चार दिवसांत सही बदलली. पोच पहिल्या दिवसापासून घ्या, मी ते उशिरा शिकले.

एक राहिलंच. रक्कम कायम निधीत, म्हणजे मूळ पैसे खर्च न करता, ठेवायची असेल तर दात्याकडून तसं पत्र चेकबरोबरच घ्या. पॅनही लिहून घ्या, नाहीतर आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरणपत्र (आमच्या वेळी १०बीडी) भरताना अडतं. ते ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यानंतरच दात्याला देणगीचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी १०बीई) देता येतं. दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकराची सवलत (आमच्या वेळी ८०जी) मिळत नाही, हेही आधीच सांगा.

पावती द्यायला मी स्वतः गेले. काकांनी ती आईच्या फोटोपुढे ठेवली आणि विचारलं, "ताई, अभ्यासिकेत पंखे कधी लावताय?"