लिलावात गडी नको, जोडी घ्या

प्रो कबड्डीच्या लिलावाची तारीख जाहीर झाली की प्रभादेवी, लालबागपासून जोगेश्वरीपर्यंत मैदानाच्या कडेला एकच वाद रंगतो. मुंबईच्या संघाने, म्हणजे यू मुंबाने, या वेळी कुठला चढाईपटू उचलायचा? कुणी म्हणतं अर्जुन देशवाल, कुणी देवांक, कुणी आशू मलिक. चढाईपटू डोळ्यात भरतो, हे मान्य. पण माझ्या मते हा वाद उलट्या टोकाने सुरू होतो. आधी कागदावर बचावातल्या सात जागा लिहाव्यात: डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, मध्य, उजवा कव्हर, उजवा इन, उजवा कोपरा. हातात असलेले गडी त्यांत बसवावेत. जी जागा रिकामी राहते तिथला गडी शोधायचा, आणि तोही शेजारच्या जागेवर कोण उभा आहे हे बघून.

पैशाचं गणित सरळ आहे. संघाची थैली ५ कोटींची, गडी किमान १८, कमाल २५. कायम ठेवलेल्या खेळाडूंचं मानधनही याच ५ कोटींतून वजा होतं, त्यामुळे लिलावाच्या टेबलावर बसताना हातात पूर्ण रक्कम नसतेच. आता एका गड्यावर सव्वादोन कोटी घातले, तर उरलेल्या १७ जणांसाठी पावणेतीन कोटी राहतात. सरासरी माणशी सोळा लाखांच्या आसपास. लिलावातल्या 'क' गटाची पायाभूत किंमतच १३ लाख आणि 'ड' गटाची ९ लाख. म्हणजे दोन्ही कोपरे, दोन्ही कव्हर आणि दुसरा चढाईपटू याच तुकड्यांतून उभे करावे लागतात. ज्या खेळाडूवर तीन-चार संघांचा डोळा आहे, तो या भावात मिळत नाही.

याचा दाखला चढाईपटू पवन सेहरावतच्या दोन हंगामांत मिळतो. नवव्या हंगामाआधी, २०२२ मध्ये, तमिळ थलायवाजने त्याला २.२६ कोटींना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. तरीही थलायवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले, कारण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढायांचा भार उचलला आणि मागची फळी जागेवर होती. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनसाठी २.६०५ कोटी मोजले, म्हणजे थैलीच्या निम्म्याहून जास्त. पवन स्वतः उत्तम खेळला, गुणांचं द्विशतक ओलांडलं. संघाने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि तळाला राहिला. पवनमध्ये खोट नव्हती. तो बाद होऊन बाकावर बसला की त्याला जिवंत करणारी पकड टायटन्सकडे नव्हती. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्यावर परत येतो, तोही बाद झालेल्या क्रमाने. म्हणजे सर्वांत महाग चढाईपटू किती मिनिटं मॅटवर दिसणार हे कोपरे आणि कव्हर ठरवतात.

मुंबईकरांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये बेंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून यू मुंबाने चषक उचलला. तेव्हा पुढे अनुप कुमार, रिशांक देवाडिगा, शब्बीर बापू होते, पण मागे सुरेंदर नाडा डाव्या कोपऱ्यात, मोहित छिल्लर उजव्या कोपऱ्यात आणि कव्हरला विशाल माने, जीवा कुमार होते. कोपऱ्यांची एक जोडी, कव्हरची दुसरी. आजही मुंबईचा तो सर्वोत्तम बचाव मानला जातो.

सहाव्या हंगामात कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई मुंबईला ३६.४ लाखांत मिळाला आणि त्याने लीग गाजवली. त्याच वर्षी बचावपटू फजल अत्राचलीला १ कोटी दिले होते. पुढच्या लिलावात सिद्धार्थ १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला आणि इथे अनेकांनी डोक्याला हात लावला. प्रत्यक्षात काय झालं? सिद्धार्थ असताना मुंबई एलिमिनेटरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीच्या आधीच्या सामन्यात, बाहेर पडली होती. तो गेल्यावर फजल, सुरिंदर सिंग, संदीप नरवाल यांच्या बचावावर संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ असा अवघ्या दोन गुणांनी हरला. सिद्धार्थला सोडलं ते चुकलं असं मला वाटत नाही. चूक नंतर झाली. त्या हंगामात संघात असलेला तरुण अर्जुन देशवाल पुढे हातचा गेला, आणि नवव्या हंगामात त्याच्या चढायांवर जयपूरने विजेतेपद मिळवलं. आजचा महाग गडी सुटला तर बदली मिळतो. २० वर्षांचा पोरगा सुटला की पाच वर्षं त्याचीच किंमत मोजत बसावं लागतं.

आता कोपऱ्याकडे, म्हणजे टोकाला उभ्या गड्याकडे, जरा जवळून बघू. चढाईपटूचा उजवा हात म्हणजे बचावाचा डावा कोपरा, कारण दोघं समोरासमोर उभे असतात. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटरवर आणि तिच्यामागे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस, म्हणजे ही रेषा ओलांडल्याचा गुण, चालू. बोनस घेताना पुढचं पाऊल रेषेपलीकडे टेकवायचं आणि मागचं त्या क्षणी हवेत हवं. म्हणजे सगळं वजन एका पायावर. हाच कोपऱ्याचा क्षण. तो टाचेकडे बघतो, खांद्याकडे नाही, कारण खांदा फसवतो. पाऊल टेकताच दोन्ही हातांनी घोट्याच्या वर विळखा, छाती जमिनीला, आणि ओढ अंतिम रेषेकडे.

इथवरचं काम कोपऱ्याचं. पुढचं अर्धं काम कव्हरचं. बोनस रेषेपासून मध्यरेषा ४.७५ मीटर. धिप्पाड चढाईपटू आडवा पडून हात ताणला तर सव्वादोन मीटर सहज व्यापतो. म्हणजे घोटा धरलेल्या अवस्थेत त्याने अडीच मीटर शरीर पुढे नेलं तरी तो सुटला, आणि हात लागलेले सगळे बाद. कव्हरने अर्धा सेकंद उशीर केला तर एवढं अंतर जातं. कव्हर आधीच धावला तर चढाईपटू बोनसकडे जातच नाही, वळून कव्हरलाच टिपतो. ही वेळ शिट्टीवर शिकता येत नाही, ती दोघांनी एकत्र खेळून अंगात मुरते. म्हणून २०२४ च्या लिलावात मुंबईने सुनील कुमारला १.०१५ कोटींना घेतलं आणि परवेश भैन्सवालही आणला, ते मला त्या लिलावातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. गुजरातकडून एकत्र खेळताना या दोघांनी उजवा-डावा कव्हर सांभाळला होता. दहाव्या हंगामात हुकलेली बाद फेरी अकराव्यात मुंबईने गाठली.

इराणच्या मोहम्मदरझा शादलूचं नाव इथे निघणारच. डावा कोपरा, शिवाय चढाईला जाणारा. दहाव्या हंगामात पुण्याने २.३५ कोटी मोजले, विजेते झाले. अकराव्यात हरियाणाने २.०७ कोटी दिले, तेही विजेते. मग बाराव्यात गुजरातने २.२३ कोटींना घेतलं आणि चषक दिल्लीकडे गेला. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन ही घडवलेली फळी तयार होती. रिकामी जागा तेवढी शादलूने भरली. तयार भिंतीत शेवटची वीट बसवायला एवढा पैसा चालतो. पाया घालायला नाही.

चढाईपटूंबद्दल बोलायचं तर माझं लक्ष पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त असतं. ४० मिनिटांचा सामना, ३० सेकंदांची चढाई, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण चाळीसेक चढाया. पहिल्या नंबरच्या गड्याने पंधरा-अठरा केल्या तरी वीसहून अधिक दुसरे करणार. संघाच्या सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो: गुण नाही आणला तर बाद. अनेक संघ ही तिसरी चढाई दुसऱ्या चढाईपटूकडे देतात, पहिल्याला धोका नको म्हणून. तेव्हा दुसरा घेताना त्याचे एकूण गुण बघू नयेत. तिसऱ्या चढाईत समोर चार-पाचच गडी असताना, म्हणजे बोनस बंद असताना, तो किती वेळा गुण घेऊन परततो ते बघावं. बोनसवर पोट भरणारा चढाईपटू तिथे उघडा पडतो.

आणखी एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इनच्या जागी बहुधा चढाईपटूच उभे असतात आणि त्यांचा हात कोपऱ्याच्या हातात असतो. कोपरा झेपावताना इनने हात वेळेत सोडला नाही तर झेप अडखळते. फार लवकर सोडला तर साखळी तुटते आणि चढाईपटूला मधली फट मिळते. चांगल्या चढाईपटूचा हा दोष गुणांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. त्यासाठी तो चढाई करत नसतानाचा खेळ पाहावा लागतो.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगरच्या स्पर्धा बघायला जाणाऱ्यांनी वही सोबत ठेवावी. प्रत्येक चढाईपुढे चार खुणा पुरतात: किती गडी समोर होते, कोणत्या बाजूने गेला, स्पर्श की बोनस, आणि तिसरी चढाई होती का. बचावपटूपुढे यशस्वी पकडींइतकंच फसलेल्या पकडींना महत्त्व द्यावं. पाच पकडी आणि सहा चुका करणारा गडी टाळ्या घेतो आणि सामना घालवतो. चढाईपटूने निदान रेषा ओलांडून परतीचा विचार करण्याआधीच अंगावर जाणं, ही इथल्या पोरांची सर्वांत मोठी खोड. तीन किंवा कमी गडी उरले असताना हा फरक अजून ठळक होतो. तिथे पकड झाली तर जादा गुणासह दोन मिळतात, फसली तर लोण (सगळा संघ बाद) दारात आणि त्याचे आणखी दोन गुण समोरच्याला. अशा वेळी थांबून, चढाईपटूला आत येऊ देणारा पोरगा दिसला की त्याचं नाव वहीत अधोरेखित करावं.

मातीवरचा खेळ बघून मॅटचा अंदाज करताना सावध राहायला हवं. मातीत पाय थोडा घसरतो, त्यामुळे वळताना गुडघ्यावरचा ताण वाटला जातो. मॅटवर बूट रुततो आणि पिळाचा सगळा भार गुडघ्यावर येतो. मातीत घोट्यावर मारलेली लांब झेप मॅटवर तोकडी पडते, कारण अंग पुढे सरकत नाही. मातीतून आलेल्या कोपऱ्याला जागा अर्धा फूट बदलावी लागते आणि त्याला एक हंगाम जातो. हे धरूनच त्याला घ्यावं.

लिलावाच्या दोन दिवसांत क्रम फार महत्त्वाचा. 'अ' गट ३० लाखांपासून, 'ब' २० लाखांपासून, आणि प्रत्येक गटात अष्टपैलू, बचावपटू, चढाईपटू असे भाग. म्हणजे आपल्याला हवा असलेला उजवा कोपरा 'क' गटात येणार असेल तर 'अ' गटातल्या चढाईपटूंवर हात कधी आखडायचा हे आधी लिहून ठेवावं लागतं. शिवाय अंतिम बोली जुळवण्याचा हक्क आहे: जुना संघ शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला गडी परत घेऊ शकतो. २०२४ मध्ये टायटन्सने पवनला असंच १.७२५ कोटींना राखलं. हा हक्क हातात असलेला संघ शांत बसतो आणि इतर संघ बोली चढवतात. नुसती किंमत फुगवायला बोली लावणाऱ्याच्या गळ्यात तो गडी पडण्याचा धोका असतो, म्हणून आपल्याला खरोखर परवडेल त्या आकड्याला थांबावं.

मुंबईपुरतं माझं मत असं. अजित चौहान नवखा म्हणून आला आणि अकराव्या हंगामात संघाचा पहिला चढाईपटू झाला. असा गडी घरात असताना दुसऱ्या दोन कोटींच्या चढाईपटूच्या मागे धावू नये. सुनीलभोवतीची कव्हरची जागा पक्की ठेवावी, दोन्ही कोपरे एकाच वेळी, एकाच नजरेने निवडावेत, आणि त्यातला एक तरी बावीस वर्षांच्या आतला असावा. तिसऱ्या चढाईसाठी 'क' किंवा 'ड' गटातून २५-३० लाखांपर्यंतचा गडी. किमान दोन परदेशी घ्यावेच लागतात, तर त्यातला एक इराणच्या झफरदानेशसारखा चढाई-पकड दोन्ही करणारा असावा. आणि थैलीत शेवटच्या फेरीसाठी ३० लाख शिल्लक ठेवावेत, कारण पहिल्या फेरीत कुणी न घेतलेला अनुभवी कोपरा कधीकधी संध्याकाळी पायाभूत किमतीला परत पुकारला जातो.